शिवगंगेच्या पाच वस्तू

लोकांना प्रवासाला निघायला हिमालय लागतो. मला मोबाइलवर आलेला एक फोटो पुरला. आमच्या निवृत्त शिक्षिकांच्या ग्रुपवर रोज सकाळी फुलं आणि सुविचार येतात, ते न बघता पुसून टाकायची माझी पद्धत आहे. त्या दिवशी फुलांच्या मधे एक भित्तिपत्रक आलं. नांदेडमधल्या एका संग्रहालयात प्रदर्शन भरणार होतं. वर मोठ्या अक्षरांत 'शिवगंगा : एका विस्मृत स्त्री-कारागिराचा शोध' आणि खाली पितळेचा बसका नंदी. नंदीचं डावं शिंग उजव्यापेक्षा बोटभर आखूड होतं.

या आखूड शिंगाची गोष्ट मी लहानपणी शंभरदा ऐकली होती. आणि ही शिवगंगा विस्मृत वगैरे काही नव्हती. ती लातूरला माझ्या भावाच्या घरी ओसरीवर बसून डाळ निवडत होती.

लातूर

पुण्याहून रात्रीच्या गाडीने सकाळी लातूरला उतरले. त्या गाडीबद्दल न बोललेलंच बरं. स्टेशनपासून घरापर्यंत रिक्षाने येताना दोन्ही बाजूंच्या भिंतींवर शिकवण्यांच्या जाहिराती, आणि त्यांत पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो, नावं, गुण. पुण्यात भिंतीवर पुढाऱ्यांचे वाढदिवस असतात, लातुरात मुलांचे निकाल. फरक एवढाच की पुढारी नापास झाला तरी त्याचा फोटो उतरत नाही.

वहिनीने सुशीला केली होती. पुण्यात मी हे नाव घेतलं की लोकांना ती माझी मैत्रीण वाटते. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी, वर भरपूर दाण्याचा कूट. पोह्यांचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा लातूरला येऊन ती खावी. खाता खाता मी आत्याला फोटो दाखवला.

आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. तिची हकिगत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माझ्या आजोबांचं इथे किराणा दुकान होतं. आत्याचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी ओताऱ्याकडून आंदणासाठी पाच पितळी वस्तू करून घेतल्या : दोन समया, एक लामणदिवा, एक घंटा आणि नंदी. नंदीच्या एका शिंगापर्यंत रस पोचला नाही. ओतारी तो वितळवून पुन्हा करणार होता, पण मुहूर्त तोंडावर आलेला, म्हणून आजोबा म्हणाले, असू दे. मग वस्तूंवर नाव घातलं. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायचं ते दर्शनी, पोटावर, म्हणजे गावजेवणाला गेलेलं भांडं न चुकता घरी परत येतं. आजोबांनी मात्र पाचही वस्तूंच्या बुडाखाली नाव घालून घेतलं. लेकीचं नाव सासरच्यांच्या डोळ्यांत खुपायला नको, हा हिशेब.

नाव घालणारा छिन्नी-हातोडी घेऊन दुकानाच्या पायरीवर बसला आणि पंधरा वर्षांची आत्या त्याच्यासमोर. तो प्रत्येक अक्षर ठोकताना मोठ्याने म्हणायचा. शि, व, गं, गा. पाच वस्तू, म्हणून पाच वेळा. आत्या शाळेत कधी गेली नाही. तिला वाचता येतो तो एवढा एकच शब्द.

आणि तोच सासरी पहिल्या दिवशी काढून घेतला. किल्लारीकडच्या त्या घरात तिचं नाव पार्वती ठेवलं. सहा वर्षं मूल झालं नाही म्हणून नवऱ्याने तिला बैलगाडीत घालून माहेरी आणून सोडलं आणि दुसरं लग्न केलं. वस्तू तिकडेच राहिल्या. आजोबा दोनदा मागायला गेले. पहिल्या वेळी त्यांना चहा मिळाला, दुसऱ्या वेळी तोही नाही. पुढे त्र्याण्णवचा भूकंप झाला, त्यात तो नवरा आणि त्याची दुसरी बायको दोघंही गेली. तेव्हा लातुरातल्या बायका आत्याला येऊन सांगून गेल्या की तू नशीब काढलंस. दोन दिवस आत्या जेवली नव्हती, हे मला आठवतं.

आत्याने डाळ निवडायचं सूप बाजूला ठेवलं आणि मोबाइल डोळ्यांजवळ धरला. मला वाटलं नंदी बघेल. तिने नंदीकडे पाहिलंही नाही. भित्तिपत्रकावरच्या अक्षरांवरून तिचं बोट फिरत होतं.

"ह्ये माझं नाव हाय," ती म्हणाली. "कुणी लिव्हलं गं?"

साठ-बासष्ट वर्षांत तिने ते कुठे लिहिलेलं पाहिलं नव्हतं. रेशनकार्डावर पार्वती, मतदार यादीत पार्वती, आधारवर पार्वती. आम्ही घरात तिला आत्या म्हणतो. माझे वडील गंगू म्हणायचे, ते आता नाहीत.

नांदेड

दुसऱ्या दिवशी आत्याला घेऊन एसटीने नांदेडला गेले. प्रदर्शनाचं उद्घाटन रविवारी होतं, पण दालन बघायला खुलं होतं. भाऊ म्हणाला, या वयात तिला कशाला दगदग. आत्या त्याच्या आधी नेसून दारात उभी होती. वाटेत अहमदपूरला तिच्या चपलेचा अंगठा तुटला. फळवाल्याने सुतळी दिली, पैसे घेतले नाहीत, वर दोन केळी दिली. बरोबर कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती, ती लोह्याच्या पुढे खाल्ली. पुण्याच्या गाडीत डबा उघडला की शेजारी नाक वळवतो, इथे शेजारच्या बाईने स्वतःच्या डब्यातलं लोणचं न विचारता आमच्या भाकरीवर ठेवलं.

संग्रहालयाचं नाव मी देत नाही. इमारत जुनी, पंखे त्याहून जुने. दारातला पहारेकरी साठीला टेकलेला, मिशीवाला. त्याने आत्याची काठी बाहेर ठेवायला सांगितली. म्हटलं, मग या बाईला आत कुणी धरायचं? त्याने विचार केला आणि काठी आत सोडली. सरकारी नियमापुढे मी आयुष्यात जिंकलेली ही एकमेव लढाई.

दालनाच्या मधोमध काचेची पेटी. तिच्यात पाचही वस्तू होत्या, पण सगळ्या आडव्या पाडलेल्या, बूड लोकांकडे. त्या बुडांवर दिव्याचा झोत सोडलेला. इतक्या देखण्या समया, आणि लोकांना दाखवायचा काय तर तळ. भिंतीवर तेच भित्तिपत्रक मोठं करून लावलेलं, आणि शेजारी पुरुषभर उंचीचं एक चित्रही होतं. भट्टीपुढे हातोडा उगारून बसलेली, नाकात नथ घातलेली बाई. भट्टीपुढे नथ घालून बसणारी बाई चित्रकाराने कुठे पाहिली, तोच जाणे. पेटीवर पाटी होती : 'कारागीर : शिवगंगा. काळ : एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध. दाता : शिवराज, किल्लारी.' माझ्या आत्याला संग्रहालयाने पाऊणशे वर्षं फुकट वाढवून दिली होती.

हा शिवराज म्हणजे आत्याच्या सवतीचा मुलगा. भूकंपाच्या रात्री तो कामासाठी लातुरात होता म्हणून वाचला.

आत्या काचेला नाक लावून उभी राहिली. "शि... व... गं... गा." मग पुढची वस्तू. पुन्हा तेच. पाचही वेळा तिने सावकाश वाचलं, मग पाटीवर वाचलं, मग भिंतीवर. कुठेही चुकली नाही. पहारेकरी मागे येऊन उभा राहिला होता. त्याच्याकडे वळून आत्या म्हणाली, "ह्ये मी हाय."

"हाव का, आजी?" तो म्हणाला. हसला नाही. मला म्हणाला, "मला वाटतच होतं म्याडम, नाव मालकिणीचं असंल म्हणून. आमच्या घागरीवर माझ्या मायचं नाव हाय. माय काय घागरी घडवत नव्हती."

"मग साहेबांना सांगितलं नाहीत?"

"कुणी इचारलं तर सांगावं माणसानं."

मी साहेबांच्या खोलीकडे निघाले तशी आत्याने माझा पदर धरला. "राहू दे गं. कशाला उकरून राहिलीस? नाव लिव्हलंय न्हवं भिंतीवर. ब्येस दिसतंय."

"आत्या, ते खोटं आहे. त्या तुझ्या वस्तू आहेत. तुझ्या म्हणूनच लिहायला हव्यात."

"माझ्याच हायेत की. नाव हाय ना."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं नाही. तीस वर्षं वह्या तपासलेल्या माणसाला चुकीचं उत्तर तसंच सोडून पुढे जाता येत नाही. हा गुण आहे असं मी आजवर समजत आले.

साहेब म्हणजे संग्रहालयाचे प्रमुख. तरुण, शिकलेले, बोलायला गोड. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, स्वयंपाकघरातल्या भांड्यांवर मालकाचं नाव असतं, हे मलाही माहीत आहे. पण या कलाकृती आहेत. शिवाय नाव तळाशी आहे. कारागीर आपली खूण तळाशीच करतो. माझा यावर लेखही झालाय."

त्यांच्या टेबलावर स्टीलचा डबा होता. झाकणावर मशीनने ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं, 'सौ. वैशाली'.

"हा डबा वैशालीताईंनी घडवला का?" मी विचारलं.

ते लाजले, त्यामुळे मला ते थोडे आवडले. पण लाजून भागत नाही. त्यांना पुरावा हवा होता. मी आत्याला पुढे केलं. त्यांनी आधारकार्ड मागितलं.

"यांचं नाव तर पार्वतीबाई आहे," ते म्हणाले. अगदी हळू आवाजात म्हणाले, आजारी माणसाला सांगावं तसं.

सासरी नाव बदलतात, हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांच्या वैशालीताईंचंही माहेरचं नाव निराळं असावं, कारण त्यांची नजर डब्याच्या झाकणावर गेली. शेवटी म्हणाले, "दात्याकडून लेखी आणा. रविवारच्या आत. चूक असेल तर मी पाटी बदलतो, शब्द देतो." आणि शब्द त्यांनी पाळला. त्याबद्दल मला तक्रार करता येत नाही.

किल्लारी

आत्याला लातूरला सोडून मी एकटीच किल्लारीला गेले. लातूरहून एसटी, शेवटी थोडं जीपने. जीपमध्ये चौदा माणसं आणि एक शेळी. शेळीला खिडकीची जागा होती.

आजचं किल्लारी सरळ रस्त्यांचं, आखून दिलेलं गाव आहे. पुण्याचे लोक अशा वसाहतींत राहायला उड्या मारतात. इथले लोक पत्ता सांगताना अजून जुन्या गावातल्या आळ्यांची नावं घेतात, ज्या आळ्या आता नाहीत. मी ज्याला शिवराजचं घर विचारलं त्या म्हाताऱ्याने आधी विचारलं, "कोणता? पाण्याच्या आडाजवळचा का?" आड कुठाय म्हटलं, तर हाताने माळ दाखवला.

शिवराज साठीचा, अंगाने बारीक, कपाळाला विभूती. मी कोण ते कळल्यावर खाली बघून, हात जोडून "शरणार्थ" म्हणाला आणि बायकोला शेंगापोळी वाढायला सांगितली. गरम शेंगापोळी, वर तूप. भांडायच्या तयारीने गेलेल्या माणसाला आधी जेवू घालायचं, ही मराठवाड्याची जुनी युक्ती आहे. तोंडात गूळ असताना आवाज चढवता येत नाही. पुण्यात ही पंचाईत येत नाही.

जेवण झाल्यावर विचारलं, "वस्तू कुणाच्या, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"आमच्याच घरच्या. ढिगाऱ्यातून म्या माझ्या हातानं काढल्या. पाची जवळजवळ होत्या. माय-बाप सापडायच्या आधी ह्या सापडल्या. घरात ठेवाव्या वाटंनात. मोडीत घालायला जीव होईना. म्हनून म्युझियमला दिल्या."

"आणि नाव?"

"सायबांनी इचारलं, शिवगंगा कोण. म्या म्हनलं, ठावं न्हाई. खरंच ठावं नव्हतं, ताई. आमच्यात थोरल्या आईचं नाव पार्वती. माय कधीमधी पार्वती म्हनायची, ते बी दबक्या आवाजात. शिवगंगा म्हनून कुणी आमच्या घरात आलीच न्हाई."

मला त्याचा राग यायला हवा होता. आलाही, पण तो कुणावर काढावा हे ठरेना. ज्यांच्यावर काढायचा ते केव्हाच मेले होते.

मी कागद पुढे केला. म्हटलं, लिहून द्या की या वस्तू तुमच्या थोरल्या आईच्या आंदणाच्या आहेत. तो बराच वेळ पेन हातात धरून बसला. मग म्हणाला, "तसं लिव्हलं तर उद्या लोक म्हनतील, दुसरीच्या वस्तू दान करून ह्यानं नाव कमावलं. लेकीचं लगीन ठरून राहिलंय, ताई. पाहुण्यांच्या पुढं आमचं जुनं काढू नका."

लेकीचं लग्न. आमच्याकडे प्रत्येक अन्याय कुठल्या तरी लेकीच्या लग्नासाठी पोटात घातला जातो. तासभर घासाघीस झाली. शेवटी त्याने जे लिहायचं कबूल केलं ते असं : 'सदर पाच वस्तू आमच्या घराण्यातील असून त्या शिवगंगा नामक बाईने घडविलेल्या नाहीत. घडविणाऱ्याचे नाव आम्हास माहीत नाही.' मला वाटलं, निम्मं तर निम्मं. ती कारागीर नव्हती एवढं सिद्ध झालं की ती मालकीण होती हे आपोआप सिद्ध होईल. त्याने 'घडवीलेल्या' असं लिहिलं होतं, ते मी ऱ्हस्व करून घेतलं. शुद्धलेखन बघितलं, अर्थ बघितला नाही. आणि अशी बाई तीस वर्षं मुलांना शिकवत होती.

निघताना शिवराजच्या बायकोने शेंगापोळ्यांचं पुडकं दिलं. "थोरल्या आत्याबाईंना द्या," म्हणाली. "त्यांना म्या कधी बघितलंच न्हाई."

पुन्हा नांदेड

शनिवारी पुन्हा नांदेड. आत्याने या खेपेला ठेवणीतलं इरकल नेसलं होतं. वहिनीने विचारलं, कुणाच्या लग्नाला निघालात? आत्या म्हणाली, "माझं नाव बघाया." चपलेला नवा अंगठा लावून घेतला होता. वाटेत पुडकं सोडून तिने शेंगापोळी खाल्ली. कुणी केली ते मी सांगितलं. तिने चावणं थांबवलं नाही. "पीठ चांगलं मळलंय," एवढंच म्हणाली.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. चेहरा पडला, पण माणूस सरळ. "उद्घाटनाच्या आधी आलात म्हणून वाचलो," म्हणाले. "नाहीतर केवढी शोभा झाली असती. तासाभरात दुरुस्त करतो."

आम्ही बाहेर बाकावर बसलो. पहारेकऱ्याने चहा आणला, आत्यासाठी बशीत ओतून दिला. आतून सरकवासरकवीचे आवाज येत होते. नथवाल्या बाईचं चित्र दोघांनी उचलून आमच्यासमोरून नेलं. मला बरं वाटलं, खोटं का सांगू. भित्तिपत्रकाची गुंडाळी गेली, तेव्हाही बरं वाटलं. आत्या मात्र त्या गुंडाळीकडे वळून वळून बघत राहिली.

"आता दुसरी पाटी लिहितील," मी तिला समजावलं. "खरी."

तासाभराने आत बोलावलं. पाचही वस्तू आता उभ्या होत्या. समया सरळ, नंदी आपल्या बुडावर, लामणदिवा साखळीला टांगलेला. पहिल्यांदा त्या वस्तू शोभून दिसत होत्या. पाटी नवी, कोरी करकरीत : 'पितळी पूजासाहित्य. कारागीर : अज्ञात. काळ : विसावे शतक. दाता : शिवराज, किल्लारी.'

मी साहेबांकडे बघितलं. "मालकिणीचं नाव?"

"मॅडम, पाटीवर तसा रकानाच नसतो," ते म्हणाले. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. "कारागीर, काळ, दाता. आणि तुम्ही आणलेल्या कागदातही त्या बाईंच्या आहेत असं कुठे लिहिलेलं नाही."

नव्हतं. कागद मीच आणला होता, ऱ्हस्व-दीर्घ सुधारून. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. सत्तर वर्षांपूर्वी सासरच्यांनी पुसलं होतं ते नाव संग्रहालयाने चुकून का होईना भिंतीवर लावलं, आणि ते पुन्हा पुसायला तिच्या माहेरची पोरगी पुण्याहून आली.

आत्या पाटीपुढे उभी होती. काचेवरून तिचं बोट पहिल्या ओळीपासून फिरू लागलं, डावीकडून उजवीकडे. दाता या शब्दाच्या पुढे ते थांबलं. "शि... व..." ती म्हणाली. मग पुढच्या अक्षरावर अडली. पुन्हा मागे गेली, पुन्हा वाचलं. त्या दोन अक्षरांपुढे तिला हवं ते येईना.

"माझं कुठं हाय गं?" तिने विचारलं.

"आहे की," मी म्हणाले. "समईच्या खाली आहे, आत्या. नंदीच्याही खाली आहे. पाचीच्या खाली आहे."

तिने काठी माझ्या हातात दिली. काचेच्या पेटीला धरून हळूहळू फरशीवर बसली आणि मान वाकडी करून खालून बघायला लागली. पेटीचा तळ लाकडी होता. पहारेकरी दोन पावलं पुढे आला आणि तिच्या मागे उभा राहिला.

"म्हंजे परत बुडाखालीच," आत्या म्हणाली.

तिला उठवायला आम्हा दोघांना हात द्यावा लागला.